पाच खणांची पेढी

दुधनीत कुणाचंही घर बांधायचं निघालं की माणसं आधी धुळाप्पा गवंड्याच्या दारात यायची आणि मग स्वामींकडं मुहूर्त काढायला जायची. मुहूर्त घटकाभर इकडं तिकडं झाला तर खपेल, पण भिंत बोटभर इकडं तिकडं झाली तर जन्मभर डोळ्यांत खुपेल, अशी गावाची समजूत. धुळाप्पाचा बाप गवंडी, आजा गवंडी. गावातल्या निम्म्या भिंतींवर त्याच्या घराण्याची थापी फिरलेली. आता असल्या माणसाला डावलून कुणी बाहेरचा मिस्त्री आणला, तर त्याच्या काळजाला काय होईल ते तुम्हीच सांगा.

सन अठ्ठावीसच्या शिमग्यानंतर नेमकं तेच झालं. गावातले मोठे आडते सिद्धलिंगप्पा यांनी स्टेशनाच्या वाटेवर मोक्याची जागा घेतली. खाली धान्याची पेढी आणि वर माडी, असा बेत. आणि त्यांनी सोलापुरातनं मिस्त्री ठरवला. टोपीवाला, बूटवाला, कागदावर घर काढून देणारा.

धुळाप्पाला त्यांनी बोलावून घेतलं आणि अगदी गोडीत सांगितलं, "हे बघ, तू आमचाच हायस. कामावर तू पायजेसच. फकस्त हुकूम मिस्त्रीचा. तुझं काय, दगडाला दगड लावायचा."

दगडाला दगड लावायचा! धुळाप्पाच्या कानशिलात कुणी ठेवून दिली असती तरी इतकं लागलं नसतं. आपल्याच गावात, आपल्याच मातीत, परक्याच्या हाताखाली! आज पेढी गेली तर उद्या शाळा जाईल, परवा चावडी, आणि आपण म्हातारपणी घमेली उचलत बसू, हे त्याला लख्ख दिसलं.

"आप्पा," तो म्हणाला, "मिस्त्री नकाशा घेऊन कधी येतोय?"

"पुढच्या आयतवारी."

"मग तवर मला मोकळीक द्या. मी सोलापूर बघून येतो. मीबी घर दाखवतो तुमाला. न्हाय पटलं तर मिस्त्रीच्या हाताखाली मुकाट राबतो."

सिद्धलिंगप्पा हसले. "सोलापूर बघितलं न्हाईस व्हय तू अजून?"

"बघितलंय की. गड्ड्याच्या जत्रंला धा डाव गेलोय. पण तवा माणसं बघितली. घरं बघायची ऱ्हायली."

"जा बाबा. पण ध्यानात ठेव, पेढी सोलापूरच्या तोडीची पायजे. गाडीतनं उतरलेला व्यापारी म्हणला पायजे, ही दुधनी का सोलापूर?"

घरी म्हाळसाबाईनं हे ऐकलं आणि ती चुलीपासनं उठलीच नाही. भाकरी थापता थापताच म्हणाली, "जावा की. पण तितं जाऊन आ वासून बघत बसू नगा. मोजून आणा. डोळ्यानं बघितलेलं इसरतंय, दोरीनं बघितलेलं इसरत न्हाय." आणि भाकरी, शेंगाची चटणी आणि चांगली वीस हात सुतळी तिनं फडक्यात बांधून दिली. बाई गवंड्याची होती, उगीच नाही.

सोलापुरात म्हाळसाबाईचा चुलतभाऊ गुंडा गिरणीत कामाला होता. त्याच्या चाळीतल्या खोलीत धुळाप्पानं पथारी टाकली. सकाळी भोंगा झाला की गुंडा गिरणीत आणि धुळाप्पा रस्त्यावर.

पहिले दोन दिवस त्यानं बड्या लोकांची घरं बघितली. आणि काय घरं हो ती! चुन्यात काढलेले मोर, दाराच्या दोन्ही अंगांना सिंह, खांबांच्या डोक्यावर पानांचे झुबके, सज्ज्याला ओतीव लोखंडाची जाळी आणि जाळीतसुद्धा वेलबुट्टी. इंद्रभुवन नावाच्या वाड्याच्या फाटकासमोर तर तो इतका वेळ उभा राहिला की पहारेकऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, कुणाकडं आलाय?" धुळाप्पा म्हणाला, "भिंतीकडं." पहारेकरी शहाणा होता. त्यानं येड्याच्या नादी लागायचं नाही असं ठरवून तोंड फिरवलं.

धुळाप्पा मोजत होता. सज्ज्याची उंची, एक गाठ. कमानीची रुंदी, दुसरी गाठ. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सुतळीत इतक्या गाठी झाल्या की कुठली मोराची आणि कुठली सिंहाची हे त्याचं त्यालाच कळेना.

"गुंडा," तो डोकं धरून म्हणाला, "सोलापूर लई थोर हाय. पण हे सगळं दुधनीत नेऊन लावायचं म्हंजे म्हशीला नथ घातल्यागत हुईल की रं."

गुंडा दिवसभर गिरणीच्या मागापुढं उभा राहून आलेला. पाय चोळत म्हणाला, "तुमी राजाची घरं बघताय, दाजी. तुमचा मालक राजा हाय का? आडत्या हाय. आडत्यांची घरं बघा की."

साधी गोष्ट. पण साधी गोष्ट सुचायला माणूस दमलेला असावा लागतो बहुतेक. धुळाप्पानं सुतळीतल्या सगळ्या गाठी सोडून टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात केली.

मंगळवार पेठेत धान्याच्या दुकानांपुढं गाड्या सुटलेल्या. धुळाप्पानं तिथं नक्षीकडं बघितलंच नाही. त्यानं हमालांकडं बघितलं. एका दुकानात हमाल पोतं पाठीवर घेऊन पायऱ्या चढत होते आणि धापा टाकत होते. शेजारच्या दुकानाचा ओटा बरोबर बैलगाडीच्या उंचीचा. गाडी पाठमोरी लावली की पोतं नुसतं ओढायचं, सरळ आत. तिथले हमाल गाणी म्हणत होते. धुळाप्पानं ओट्याची उंची घेतली आणि सुतळीला पहिली गाठ मारली. ही गाठ विसरणं शक्य नव्हतं.

दुपारी तो साखर पेठेत शिरला. ही तेलुगू विणकरांची वस्ती. घराघरातनं मागाचा खटक खटक आवाज. एका घराची खिडकी बघून तो थबकला आणि मोठ्यानं हसला. खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर! "कुठल्या येड्यानं बांदलं म्हणायचं हे?" असं तो स्वतःशीच म्हणाला, पण आतल्या विणकराला ते ऐकू गेलं. तो रागावला नाही. धोटा थांबवून त्यानं हाक मारली, "रा, रा, कूर्चो."

तेलुगू धुळाप्पाला येत नव्हतं, पण तो हात हलवून बस म्हणतोय एवढं कळलं. विणकर उठला आणि त्यानं धुळाप्पाला आपल्या जागेवर बसवलं. मागाखाली खड्डा होता. खड्ड्यात पाय सोडून माणूस जमिनीबरोबर बसायचा. धुळाप्पा बसला आणि त्याचं हसू मावळलं. खिडकीतला उजेड थेट ताण्यावर पडत होता. एक एक सूत मोजून घ्यावं इतका स्वच्छ. उभ्या माणसाला येड्याची वाटणारी खिडकी बसल्या माणसासाठी अगदी जिथल्या तिथं होती.

"चुकलं बाबा माझं," तो म्हणाला आणि त्यानं स्वतःचे कान धरले. विणकराची बायको तोंडाला पदर लावून हसली. धुळाप्पाच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं होतं. आडत्यासुद्धा गादीवर बसतो की! ज्वारी, तूर ओंजळीत घेऊन पारखतो. मग उजेड कुठं पाहिजे? ओंजळीत. दुधनीतल्या एकाही दुकानात ओंजळीत उजेड पडत नव्हता. सगळे बिचारे दाणे घेऊन दारापर्यंत उठून यायचे. दुसरी गाठ बसली.

राहिला दर्शनी भाग. तो काही केल्या सुचेना. शुक्रवारी तो चाटी गल्लीत आला. ही कापडवाल्यांची गल्ली, इथं दुकानं एकाला एक चिकटलेली. नरसय्या शेठ म्हणून एक जुने कापडवाले होते, त्यांच्या दुकानाचे लाकडी खांब बघून धुळाप्पाचा पाय अडला. आता गवंड्यांच्या बोलीत दोन खांबांमधल्या गाळ्याला खण म्हणतात. घर केवढं, तर पाच खणांचं, सात खणांचं. धुळाप्पाच्या तोंडात तोच शब्द.

"शेठ," तो नमस्कार करून म्हणाला, "तुमचे खण बघायचे हायत."

"या की, बसा," नरसय्या शेठ म्हणाले. "कसला पायजे?"

"किती हायत?"

"असतील दोनशेक."

धुळाप्पानं मान वर करून दुकान बघितलं. बाहेरनं तर तीन दिसत होते. "दोनशे? मला दर्शनी तेवढे दाखवा."

"दर्शनीच दाखवतो." शेठनी फळीवरनं चोळीच्या खणांचा गठ्ठा काढून गादीवर फेकला. हिरवे, जांभळे, काळे, लाल.

धुळाप्पानं गठ्ठ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर वर. "ह्यो न्हाय. त्यो, खांबामदला."

शेठनी खांबाजवळच्या फळीवरनं दुसरा गठ्ठा काढला.

"ह्येची उंची किती?"

"उंची?" शेठ दुखावले. "अरे, ह्याच्यापेक्षा उंची माल अख्ख्या गल्लीत न्हाय. खास गुळेदगुड गावचा हाय."

"तसं न्हाय शेठ. ह्येच्यावर वजन किती पेलतंय?"

शेठनी चष्मा वर केला. "वजन? कुणाला घालायचाय रे तुला?"

"माडीला!"

"माडी कोण? बायको व्हय तुझी?"

गिऱ्हाईक म्हणून बसलेल्या दोघी बायका आधी फिसकन हसल्या. मग धुळाप्पाच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं समोरच्या कापडाच्या ढिगाकडं बघितलं, वरच्या तुळईकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "आवं शेठ, मी गवंडी हाय! मला घराचे खण मोजायचेत!"

नरसय्या शेठ इतके हसले की त्यांचा चष्मा गठ्ठ्यात पडला आणि शोधायला दोन माणसं लागली. डोळे पुसत म्हणाले, "मोज बाबा, मोज. चाळीस वर्षं खण विकतोय, पण माडीला घालणारा तूच पहिला."

धुळाप्पानं खांब मोजले, तुळई मोजली. मोजून खाली बघतो तर समोर एक काळा खण उलगडून पडलेला. अंग साधं, काळंभोर, नुसते बारीक ठिपके. आणि कडेला लाल काठ, बोटभर रुंद, पण काय विणलेला! नजर पहिल्यांदा काठावरच जात होती.

"शेठ, अंगावर नक्षी का घातली न्हाय ह्येच्या?"

"घातली असती तर काठ कुणी बघितला असता?" नरसय्या शेठ म्हणाले. "काठानं बोलायचं असलं तर अंगानं गप ऱ्हायला पायजे."

धुळाप्पा तिथंच खाली बसला. दोन दिवस बघितलेली घरं त्याच्या डोळ्यांपुढनं गेली. मोर, सिंह, पानं, वेली, सगळे एकदम बोलणारे. आणि दुधनीचा काळा दगड! साधा, गप्प, घट्ट. त्या दगडाची आजवर त्याला लाजच वाटत आली होती. वरनं चुना फासून तो झाकायचा, अशीच रीत. झाकायचा कशाला? अंग काळ्या दगडाचं उघडं ठेवायचं, आणि वर छपराखाली एकच पट्टी, भरगच्च नक्षीची. पाच खणांच्या पेढीला एक काठ!

"येतो शेठ," तो उठला. 

"थांब." शेठनी तोच काळा खण घडी करून त्याच्या हातात दिला. "ह्याच्यात एक धागा चुकलाय, विकत न्हाय मी. तुझ्या माडीला घाल."

परतीच्या गाडीत धुळाप्पा खिडकीशी बसला आणि दुधनी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होता. सोलापूरनं त्याच्यापासनं काही लपवलं नव्हतं, सगळं दाखवलं होतं. आणि सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी त्याची ओटी भरून पाठवलं होतं. त्याला त्या शहराचा अभिमान वाटला आणि खरं सांगायचं तर थोडा स्वतःचाही वाटला.

रविवारी उजाडताच तो आणि म्हाळसाबाई जागेवर गेले. कागद धुळाप्पाला येत नव्हता. त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. सुतळी ताणली, काटकोनासाठी गुण्या लावला आणि म्हाळसाबाईनं मुठीतनं फक्कीची पांढरी रेघ सोडली. घर जेवढं होणार तेवढंच जमिनीवर उमटलं. ओटा, दार, पाच खण, गादीची जागा, खिडकी, जिना. शेजारच्या वखारीच्या भिंतीवर कोळशानं त्यानं दर्शनी अंग काढलं आणि वर गेरूनं लाल काठ.

मिस्त्री आला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. त्यानं कागद उलगडला आणि खरोखर देखणं चित्र दाखवलं. कमानी होत्या, मोर होते, दोन सिंहही होते. गावातली निम्मी माणसं कागदाभोवती वाकली. सिद्धलिंगप्पांचा चेहरा फुलला.

मग ते वखारीच्या भिंतीपुढं आले. "धुळाप्पा, सोलापुरात हे कुणाच्या घरासारखं हाय?"

"कुणाच्याच न्हाय, आप्पा. हे दुधनीचं हाय."

ओट्याची उंची, खिडकीची जागा, काळं अंग, लाल काठ, सगळं त्यानं सांगितलं. सिद्धलिंगप्पा ऐकत होते, पण नजर पुन्हा पुन्हा कागदाकडं जात होती. "अंग रिकामं वाटतंय रे," ते म्हणाले. "आन ही फक्की... लोकांना काय दिसणार ह्याच्यात?"

धुळाप्पा सुतळी गुंडाळायला लागला. गेलं काम हातचं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात सिद्धलिंगप्पांची आई अक्कम्मा सुनेचा हात धरून आली. सगळं गाव तिला अव्वा म्हणायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऊन आणि सावली एवढंच कळायचं. "पेढी कुटं हाय?" तिनं विचारलं. मिस्त्रीनं आदरानं कागद तिच्या हातात दिला. तिनं त्यावरनं बोटं फिरवली, इकडनं तिकडं, आणि परत दिला. "हे तर सपाट हाय की."

धुळाप्पा पुढं झाला. "अव्वा, माजा हात धरा. चला, दाखवतो." तो तिला रेघेपर्यंत घेऊन आला. "हितं दार हाय."

अक्कम्मा थांबली. तिनं वाहणा काढल्या आणि बाजूला सारल्या. "उंबरा?"

"तुमच्या पायाम्होरं चार बोटं."

तिनं लुगडं वर धरलं, उजवा पाय चांगला हातभर उचलला, आणि त्या पांढऱ्या रेघेला जराही न शिवता पलीकडं टाकला. मग डावा.  धुळाप्पानं तिला गादीच्या जागेवर नेलं. ती खाली बसली. सकाळचं ऊन खिडकीच्या जागेतनं आलं होतं. तिनं ओंजळ पुढं केली, ऊन तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "हितं दाणा दिसंल."

मिस्त्री काहीतरी समजावून सांगायला म्हणून पुढं आला. बुटांचा आवाज जवळ येऊन थांबला तशी अक्कम्मानं मान वळवली. "कोण उंबऱ्यावर उभारलंय? उतर खाली!"

आणि मिस्त्री टुणकन मागं उडाला. फक्कीच्या रेघेवरनं! त्यानं खाली बघितलं, रेघ बघितली, आणि स्वतःच हसला. मग कागद गुंडाळत धुळाप्पाला म्हणाला, "गवंडी, मी पाय काढला. म्हणजे घर उभं राहिलं तुमचं."

सिद्धलिंगप्पा पुढं झाले. त्यांनी वाहणा काढल्या, पाय उचलला, रेघ ओलांडली आणि आईच्या शेजारी जाऊन बसले. वखारीच्या भिंतीवरचा लाल काठ त्यांनी तिथनं एकदा डोळे भरून बघितला. धुळाप्पा दारातनं परत बाहेर आला होता आणि म्हाळसाबाईशेजारी ओट्यापाशी उभा होता.  म्हाळसाबाईनं फक्कीचा हात तोंडावर धरला होता, त्यामुळं तिचं तोंड पांढरं झालं होतं आणि डोळे वाहत होते.

"बाहीर काय उभारलायस?" सिद्धलिंगप्पांनी आतनं हाक मारली. "घर तुजं हाय आन तूच पाव्हण्यागत! आत ये की. बस हितं, आन सांग, पाया कवा खणायचा?"

धुळाप्पानं हात धोतराला पुसले, वाहणा काढल्या आणि उजवा पाय उचलला.